बाईंच्या वाटचा चर

ओआहाका शहरातल्या इस्पितळातून ओब्दुलियाबाई परत आल्या त्या संध्याकाळी तोमासा काळ्या घेवड्याचे कालवण आणि मक्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून त्यांच्याकडे गेली. बाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी फडके सोडले, वास घेतला आणि पुन्हा तसेच बांधून ठेवले.

“पोटात गाठ आहे,” त्या म्हणाल्या. फळ्यावर तारीख लिहिताना असायचा तोच आवाज. “काढण्यासारखी नाही. डॉक्टर म्हणाला, वर्षभर काढाल. मला धीर द्यायला म्हणाला असेल, तेव्हा तू कमीच धर.”

तोमासा त्यांच्यासमोर बसली. यादुआ गावच्या जंगल समितीची ती अध्यक्ष, त्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई. लाकडाच्या ठेकेदारांशी आणि सरकारी साहेबांशी भांडून भांडून तिची जीभ चांगली धारदार झाली होती. पण आता चौथीच्या वर्गात या बाईंसमोर बसायची तशी ती नुसती बसून राहिली.

“रडू नकोस, काम आहे तुझ्याकडं,” बाई म्हणाल्या. “मला इथंच पुरा. दफनभूमीच्या वरच्या अंगाला, झऱ्याचा आवाज येतो तिथं. इस्तेपेकला, माहेरी नको. तिकडं खाली सपाटीला फार उकडतं.”

“हे काय सांगायचं झालं, बाई? इथंच म्हणजे इथंच.”

“तू अध्यक्ष आहेस म्हणून विचारलं. विचारून घेतलेलं बरं असतं.”

त्या बोलण्यातली खोच तोमासाच्या तेव्हा लक्षात आली नाही. दुसऱ्या दिवशी सिरिलोकाकांनी ती लक्षात आणून दिली.

सिरिलोकाका म्हणजे गावाचा गळा. दर महिन्याला तेकिओ असे, म्हणजे सगळ्या गावाने मिळून करायचे बिनपगारी काम: रस्ता, रोपे, वणवा अडवायच्या पट्ट्या, जे निघेल ते. काम सुरू व्हायच्या आधी सिरिलोकाका डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून एकेकाचे नाव पुकारत आणि ज्याचे त्याने ‘हजर’ म्हणून ओरडायचे. म्हातारा झाला तरी माणसाचा आवाज पलीकडच्या खिंडीत ऐकू जायचा.

“बाईंना इथं पुरायचं?” ते म्हणाले. “कुठल्या नियमानं?”

“कुठल्या म्हणजे काय, काका? बाई आपल्या आहेत.”

“आपल्या आहेत हे मला शिकवू नकोस. माझी चारही पोरं तिच्या हाताखालून गेली. पण गावकाम केलंय का तिनं? एक दिवस तरी?”

“अहो, आयुष्य घातलं शाळेत!”

“शाळेचा पगार सरकारनं दिला. गावकामाला पगार नसतो. तिचं नाव मी कधी पुकारलेलं नाही.”

“का नाही पुकारलंत?”

सिरिलोकाकांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि परत घातली. “पाहुणी होती ना ती,” ते म्हणाले.

यादुआत जंगल कोणा एकाचे नाही, सगळ्यांचे आहे. पाणी सगळ्यांचे, दफनभूमी सगळ्यांची. आणि ‘सगळे’ म्हणजे कोण, हे गाव फार काटेकोरपणे ठरवते. आधी वर्षभर तोपिल व्हायचे, म्हणजे हातात काठी घेऊन निरोप पोचवायचे, कचेरी झाडायची, घंटा वाजवायची. सगळ्यात खालचे काम. ते फुकट आणि नीट केले की नाव हजेरीत चढते, आणि हजेरीत असेल त्यालाच सभेत तोंड उघडता येते, जंगलातला वाटा मिळतो आणि मेल्यावर मातीत जागा मिळते. बाकीचा माणूस कितीही गोड असला तरी तो पाहुणा.

बाई पहिल्यांदा खोरे घेऊन तेकिओला आल्या तेव्हा विशीतल्या होत्या. सिरिलोकाकांनी त्यांच्या हातातून खोरे काढून घेतले होते. “बाई, तुम्ही कशाला? शोभतं का?” असे म्हणून त्यांनी घरून खुर्ची आणवली होती, स्वतःच्या पाठीवर बांधून डोंगरावर चढवली होती, वर आतोलेचा, म्हणजे मक्याच्या गरम पेजेचा, पेला हातात दिला होता. सगळ्या गावाला केवढे कौतुक वाटले होते! पुढच्या महिन्यात परत खुर्ची. त्याच्या पुढच्या महिन्यात परत. बाई उठून काम करायच्याच, मुलांना घेऊन सगळ्यांपेक्षा जास्त करायच्या, पण ते मोजायचे नाही असा गावाचा आदर होता. एकदा त्यांनी हसत हसत म्हटलेही, “सिरिलो, माझं पण नाव घे की रे.” त्यावर माणसे इतकी प्रेमाने हसली की बाईंना पुढे काही बोलता आले नाही. प्रेमाने माणसाला उंबऱ्याबाहेर कसे ठेवावे हे कोणाला शिकायचे असेल तर त्याने यादुआत यावे.

आणि काम तरी कसले? त्या काळी डोंगर बोडका होता. कागदाची कंपनी झाडे घेऊन गेली होती आणि चर्चखालचा झरा ईस्टरच्या आधीच आटत असे. बाईंनी चौथीच्या पोरांना गणित म्हणून तीन काठ्या बांधून घोडी करायला लावली, मधे दोरीला दगड लोंबता ठेवला, आणि त्या ओळंब्याने उतारावर सारख्या पातळीची रेघ कशी सापडते ते दाखवले. त्या रेघेवर पोरांनी चर खणले. पावसाचे पाणी चरात थांबले, मुरले. बाप लोक आधी हसले, “बाई पोरांना उंदीर करणार,” म्हणाले. दोन पावसाळ्यांनी खालच्या शेतात ओल टिकली तेव्हा त्यांचे हसणे बंद झाले आणि गाव चर खणायला लागले. आज झरा भर उन्हाळ्यात वाहतो. गावची स्वतःची लाकूडगिरणी आहे, झाडे मोजून तोडतात आणि तोडली की लावतात. गिरणीच्या लाकडातून वरची शाळा उभी राहिली. त्या सगळ्याच्या मुळाशी पोरांनी बांधलेली ती घोडी आहे, हे यादुआत शेंबडे पोरही सांगेल.

पण तोमासाच्या मनात त्या रात्री चर नव्हते. तिला चौथीतला दुसराच एक दिवस आठवत होता.

तेव्हा आन्सेल्मो नावाचा लाकूडवाला गावात आला होता. फार चांगला माणूस. त्याने चर्चला घंटा दिली, आजाऱ्यांना गाडीतून शहरात नेले. मग म्हणाला, मला गावकाम न करता गावचा करून घ्या. घरोघरी लोक हो म्हणत होते. बाईंनी वर्गात खोटी सभा भरवली, दहा वर्षांच्या तोमासाला अध्यक्ष केले आणि विचारले, करून घ्यायचं का आन्सेल्मोला? सगळ्या पोरांनी हात वर केले. मग बाई दाराबाहेर गेल्या, डोक्यावर टोपी चढवून आत आल्या आणि जाड आवाजात म्हणाल्या, “मी दुसरा लाकूडवाला. मलाही करून घ्या. त्याला केलंत ना? मला कुठल्या तोंडानं नाही म्हणता, सांगा!” तोमासाला अध्यक्ष असून काही सांगता आले नाही. बाई टोपी काढून म्हणाल्या, “चांगल्या माणसासाठी दार उघडलंत तरी ते उघडंच राहतं, बाळांनो. पुढं आत कोण येईल ते मग तुमच्या हातात नसतं.”

पोरांनी ते घरी जाऊन सांगितले. आन्सेल्मोला गावाने नाही म्हटले. शेजारच्या गावाने हो म्हटले, आणि त्यांचा डोंगर आज यादुआच्या कचेरीतूनही दिसतो. त्यावर गवतसुद्धा धड उगवत नाही.

सभा भरली तेव्हा वरच्या शाळेची मोठी खोली गच्च भरली होती. बाई आत नव्हत्या. त्यांना सभेत बसायचा हक्क नव्हता, म्हणून त्या नेहमीसारख्या बाहेर खिडकीखालच्या बाकावर शाल पांघरून बसल्या होत्या. दाराबाहेर, उंबऱ्याला लागून खुर्ची टाकून इंजिनिअर वाल्देस बसला होता. शहरातला माणूस, झऱ्यापाशी पर्यटकांसाठी लाकडी घरे बांधायची त्याची फार दिवसांची इच्छा. त्याने दवाखान्याला नवे छप्पर घालून दिले होते, आणि गावकाम न करता गावचा करून घ्या एवढेच त्याचे मागणे होते.

पाववाली क्रिस्पिना सगळ्यांत आधी उठली. “ज्या बाईनं आम्हाला पाणी दाखवलं तिला आम्ही चार हात माती देणार नाही? मग थू आपल्या जिण्यावर!”

“खरंय!” मागून कोणी ओरडले. “ती नसती तर मी आजही अंगठे उठवत बसलो असतो.”

“अध्यक्षबाई, हात वर करायला सांगा! एका मिनिटाचं काम आहे!”

वाल्देस हळूच उभा राहिला. “मला इथं बोलायचा अधिकार नाही, मला ठाऊक आहे. पण माणुसकी म्हणून सांगतो, नियम माणसांसाठी असतात. बाईंना माझा पूर्ण पाठिंबा आहे.”

“तुम्हाला कुणी विचारलं नाही, साहेब,” सिरिलोकाका म्हणाले. “खाली बसा.”

तोमासाने वाल्देसकडे पाहिले. त्याचे डोळे पाणावलेले होते. ते खोटे नसावेत, आणि त्याचीच तिला भीती वाटली. खिडकीची झडप उघडी होती आणि खाली बाई खोकल्याचे ऐकू आले.

“मी हात वर करायला सांगणार नाही,” ती म्हणाली.

आधी कोणाला कळलेच नाही. मग एकच गिल्ला झाला.

“सांगितलं तर सगळे वर होतील!” ती ओरडली. “माझाही होईल! म्हणूनच सांगत नाही. आज बाई, उद्या छप्परवाले साहेब. काय म्हणणार आहात त्यांना? कोणाकडं आहे उत्तर? उठून सांगा!”

क्रिस्पिना रडत रडत म्हणाली, “बाईच्याच दुधावर वाढलीस आणि बाईलाच चावलीस.” ते तोमासाला इतके लागले की ती बाहेर निघून गेली.

बाकावर बाई शालीचे टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “बरोबर केलंस. मीच शिकवलं होतं ना.” त्यांनी समोर शेजारच्या गावाच्या बोडक्या डोंगराकडे पाहिले. मग म्हणाल्या, “पण मला वाटलं होतं, तू जरा तरी अडखळशील.”

तोमासाने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले. बाईंनी ते काही वेळ तसेच राहू दिले आणि मग दोन टपल्या मारल्या.

“ऊठ आता. आत जा आणि सांग, बाहेर एक बाई गावकाम मागतेय. तोपिलचं. सगळ्यात खालचं असतं ना, तेच.”

“बाई, तुम्हाला नीट चालवत नाही.”

“मग हळू चालीन. निरोप काय पळून जातोय?”

तोपिल म्हणजे मिसरूड फुटलेली पोरे. पांढऱ्या केसांची आजारी मास्तरीण तोपिल, हे ऐकून सभेत कोणी हसले, कोणी पुन्हा रडले. सगळ्यांनी सिरिलोकाकांकडे पाहिले.

“वयाची अट नाही,” ते शेवटी म्हणाले. “बाईमाणसाचीही नाही. एक जानेवारीला काठी घ्यायची, एकतीस डिसेंबरला परत द्यायची. वर्ष पुरं झालं की ती गावची.” आणि मग त्यांचा तो खिंडीपलीकडे जाणारा आवाज एकदम बसला. “इतकं साधं होतं हे,” ते म्हणाले. “कधीच देता आलं असतं.”

जानेवारीत बाईंनी काठी घेतली. पहिल्या आठवड्यात कचेरीने त्यांना एकही निरोप दिला नाही. क्रिस्पिना पहाटेच येऊन त्यांच्या आधी अंगण झाडून जाई. बाईंना कळायचे ते कळले. त्या कचेरीत शिरल्या आणि टेबलावर काठी आपटली.

“मला परत पाहुणी केलंत तर ही पाठीत घालीन एकेकाच्या! काम द्या!”

मग काम मिळाले. बाई निरोप घेऊन एकेक घर चढायच्या, दर वळणावर दगडावर बसायच्या. घरातली माणसे आतोले पुढे करायची आणि बाई “ड्युटीवर आहे” म्हणून नको म्हणायच्या, खरे म्हणजे त्यांना ते पचत नव्हते. तोमासा रोज कुठले तरी निमित्त काढून कचेरीत यायची. एकदा तिने पाहिले, बाई ओसरीच्या पायरीवर बसून तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होत्या.

“प्रार्थना करताय?”

“छे गं. पाठ करतेय. पुढच्या जानेवारीत सिरिलो माझं नाव पुकारेल ना, तेव्हा काय म्हणायचं ते.”

“त्यात पाठ काय करायचं? हजर म्हणायचं.”

“तुला सोपं वाटतं,” बाई म्हणाल्या. “जन्मभर मी दुसऱ्यांची हजेरी घेतली. मला कधी कुणी पुकारलं नाही, घशाला सवय नाही.” आणि लहान मुलीसारखा बारीक आवाज काढून त्या म्हणाल्या, “हजर!” मग दोघी इतक्या हसल्या की बाईंना पोट धरावे लागले, आणि पुढे बराच वेळ ते सोडता आले नाही.

ईस्टरनंतर त्यांना चढ झेपेनात. त्या कचेरीच्या दारात काठी मांडीवर घेऊन बसू लागल्या. आले-गेले बघायचे, हे तोपिलच्याच कामात बसते असे सिरिलोकाकांनी जाहीर केले. एप्रिलमध्ये कड्यावर धूर दिसला तेव्हा घंटा बाईंनीच वाजवली, दोराला जवळजवळ लोंबकळून. गाव वेळेत पोचले, आग चरांच्या ओळीपाशी अडली. त्या रात्री बाई थोड्या जेवल्या.

जुलैत, पाऊस लागून राहिला होता तेव्हा त्या गेल्या. कचेरीच्या दारातच, दुपारी, काठी मांडीवर.

तोमासा दफनभूमीकडे धावत आली तोवर गावातले जवान गडी वरच्या अंगाला पोचलेसुद्धा होते. झऱ्याचा आवाज येतो तिथे त्यांनी कमरेएवढा खड्डा घेतला होता. पावसात सगळे गाव उभे होते. कोणी कोणाला विचारले नव्हते. सिरिलोकाका कुंपणाबाहेर उभे होते, आत पाऊल टाकत नव्हते.

“वर्ष झालेलं नाही,” ते तोमासाला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. “पण मी काही बोलणार नाही. आज माझा गळा नाही.”

वाल्देस चिखलात उतरला होता, बूट भरवून. “तोमासाबाई, मी स्वतः फावडं धरतो,” तो म्हणाला. “अर्धं वर्ष काय आणि पूर्ण वर्ष काय? कोण बोट दाखवणार आहे? सगळं गाव इथंच आहे. अशा वेळी मन मोठं करायचं असतं.”

तोमासा त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याच्या डोक्यावर बाईंची टोपी दिसली, वर्गातली, आणि तो जाड आवाज ऐकू आला. कुठल्या तोंडानं नाही म्हणता, सांगा! तिला वाटले, आत्ता मला वीज लागून मी मेले तर किती बरे होईल, मग हे दुसरे कोणीतरी ठरवेल. पण वीज अशी मागून पडत नाही.

“खड्डा बुजवा,” ती म्हणाली.

कोणी हलेना. तिने स्वतः खोरे घेतले आणि माती लोटायला सुरुवात केली. चिखल जड झाला होता. क्रिस्पिना तिच्या अंगावर धावून आली, तिला दोघांनी आवरले. शेवटपर्यंत तोमासाच्या मदतीला कोणी आले नाही, आणि कोणी यावे अशी तिची अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी इस्तेपेकहून बाईंचा भाचा रुबेन गाडी घेऊन आला. चांगला, शांत माणूस. त्याने सगळे ऐकून घेतले.

“तुमचं गाव जंगल राखतं म्हणतात,” तो म्हणाला. “राखत असेल. माझ्या मावशीला काही तुम्ही राखलं नाहीत.”

गावचा बँड गाडीपुढे वाजवत गेला, वेशीवरच्या क्रुसापर्यंत. तिथे यादुआची जमीन संपते, म्हणून तिथे बँड थांबला. गाडी उतरणीला लागली. पितळी वाद्यांत पाऊस भरला होता, पोरांनी ती उलटी करून पाणी ओतले आणि सगळे घरी आले.

काठी कचेरीत कोपऱ्यात उभी होती. तोपिल कामावर असताना गेला तर उरलेले वर्ष त्याच्या घरच्यांनी पुरे करायचे, हा यादुआचा जुना रिवाज. सिरिलोकाकांनी चौकात उभे राहून विचारले, “ओब्दुलियाच्या घरचं कोण आहे?”

“मी,” तोमासा म्हणाली.

जंगल समितीची अध्यक्ष तोपिलची काठी घेऊन निरोप वाटत हिंडते, असे यादुआत कोणी पाहिले नव्हते. सकाळी ती लाकडाच्या व्यापाऱ्यांशी भाव ठरवायची आणि दुपारी कचेरी झाडायची. क्रिस्पिना तिच्याशी बोलत नव्हती. पाव कट्ट्यावर ठेवायची आणि तोंड फिरवायची. तोमासा निरोप सांगायची, पाव उचलायची, चालू लागायची. बाई ज्या ज्या दगडावर बसायच्या तिथे तीही बसायची. दमलेली नसली तरी बसायची. ऑक्टोबरात वाल्देसचा अर्ज सभेपुढे आला. “आमच्या बाईंना नाही म्हटलं, तुम्हाला कसं हो म्हणू?” असे क्रिस्पिनाच उठून म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. वाल्देस महिन्याभराने गाव सोडून गेला. त्या सभेनंतर क्रिस्पिनाने पाव तोमासाच्या हातात दिला. बोलली मात्र नाही.

एकतीस डिसेंबरला तोमासाने काठी परत केली. सिरिलोकाकांनी सभेत जाहीर केले की ओब्दुलियाचे वर्ष पुरे झाले, ती यादुआची झाली, तिला दफनभूमीत वरच्या अंगाला जागा आहे. तोमासाने त्याच संध्याकाळी इस्तेपेकला फोन लावला. रुबेनच्या आईने, म्हणजे बाईंच्या बहिणीने तो घेतला.

“बाईंना न्यायला यायचं म्हणतो आम्ही,” तोमासा म्हणाली. “आता त्यांचा हक्क झाला.”

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

“ती आईशेजारी निजली आहे,” बहीण म्हणाली. “तिला आता उठवू नका. तुम्हा लोकांना फार उशिरा जाग येते, पोरी.” आणि तिने फोन ठेवला.

जानेवारीतला तेकिओ वरच्या उतारावर होता, जुने चर गाळाने भरले होते आणि त्यांच्या वर नवे घ्यायचे होते. थंडी कडाक्याची होती. सिरिलोकाका पायथ्याशी उभे राहून नावे घेऊ लागले. हजर, हजर, हजर. तोमासाही हजर म्हणाली. मग काका थांबले, त्यांनी घसा साफ केला आणि अख्ख्या आयुष्यात लावला नसेल एवढा आवाज लावून पुकारले:

“ओब्दुलिया!”

आवाज खिंडीपलीकडे गेला. काका वाट बघत राहिले, जितकी इतरांची बघतात त्याहून जास्त. मागच्या बाजूने क्रिस्पिना म्हणाली, “हजर.”

“कोण बोललं ते?” काका कडाडले. “खोटं बोलायचं नाही! ती हजर नाही.” त्यांनी पुन्हा खिंडीकडे तोंड केले. “ओब्दुलिया, गैरहजर.”

“काका, मेलेल्या माणसाचं नाव कशाला घेता?” कोणीतरी कळवळून म्हणाले.

“हजेरीतून नाव कधी काढतात? आपल्या मातीत माणूस गेला की. ती गेलीय का आपल्या मातीत? मग मी कसं काढू? माझा गळा आहे तोवर मी पुकारणार, मग दुसरा कोणी पुकारेल.” आणि त्यांनी पुढचे नाव घेतले.

गैरहजर माणसाचे काम त्याच्या घरच्यांवर पडते. तोमासाने आपला चर दुपारपर्यंत संपवला. मग ती काठ्यांची घोडी उचलून वर चढली, पाय रोवले, ओळंब्याचा दगड हलायचा थांबेपर्यंत थांबली, आणि बाईंच्या वाटचा चर खणायला लागली. माणसे कामे आटपून डबे सोडून बसली होती. तिला कोणी हाक मारली नाही.

थोड्या वेळाने सिरिलोकाका गुडघे धरत धरत वर आले. त्यांच्या पाठीवर खुर्ची नव्हती, हातात खोरे होते. ते चराच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिले.

“पुढच्या महिन्यातही ती यायची नाही,” ते म्हणाले.

“नाही, काका.”

“मग तेव्हाचा चर माझ्याकडं लाव,” ते म्हणाले, आणि त्यांनी खोरे मातीत घातले.